चोपन्नावा मणका

सगळं जनावर उभं राहिलं, आणि एक मणका उरला.

तो सापडला सकाळी दहा वाजता. समिती चारला येणार होती. समितीच्या नजरेला गोणपाट पडू नये असं साहेबांचं म्हणणं होतं, म्हणून संग्रहालयात हाडं जोडणारे जोडारीकाका वर्कशॉपच्या टेबलावरची गोणपाटं झटकून त्यांच्या घड्या घालत होते. शेवटच्या गोणपाटाखाली तो बसला होता. दोन मुठींएवढा, तपकिरी, डाव्या अंगाला एक तिरकी खाच, आणि चांगला वजनदार. नंबर कुठेच नव्हता, असलाच तर सफाईत पुसला गेला होता. काकांनी तो उलटासुलटा करून पाहिला, खिशातून चष्मा काढला, चष्मा लावून पुन्हा उलटासुलटा केला. मग त्यांनी वर्कशॉपचं दार आतून लावून घेतलं.

बाहेर दालनात सांगाडा उभा होता. कॅमेरासॉरस नावाचा, लांब मानेचा, जन्मभर पाला खाऊन डोंगराएवढा झालेला डायनासोर. ही जात काही दुर्मीळ नव्हे. तिची हाडं जगात इतकी सापडली आहेत की मोठ्या संग्रहालयांना तिचं अप्रूप राहिलेलं नाही. पण या संग्रहालयाकडे हा एकच होता आणि तो खऱ्या हाडांचा होता, त्यामुळे त्याचा मान मोठा. संचालकांना सगळे ‘साहेब’ म्हणत आणि सांगाड्याला ‘थोरले’. साहेबांच्या हे कानावर होतं, पण त्यांनी ते मनाला लावून घेतलं नव्हतं.

थोरल्यांना साफसफाईसाठी उतरवलं होतं दोन महिन्यांपूर्वी. एकेक हाड खाली आलं, पुसलं गेलं, त्यावरचे जुने पुसट नंबर डॉक्टरबाईंनी शाईने नव्याने घातले आणि काकांनी ते पुन्हा चढवलं. डॉक्टरबाई म्हणजे हाडांच्या डॉक्टर, पण ज्यांची हाडं त्या बघत त्यांना मरून पंधरा कोटी वर्षं झालेली असत. मानेचे मणके बारा, पाठीचे बारा, कमरेचे पाच, शेपटीचे त्रेपन्न. ही यादी काकांना पाढ्यासारखी पाठ होती. बावीस वर्षांत त्यांनी थोरल्यांना चार वेळा उतरवून चढवलं होतं आणि एकदाही काही उरलं नव्हतं किंवा कमी पडलं नव्हतं. घरचं मात्र वेगळं होतं. घरी त्यांनी उघडलेली एकही वस्तू पूर्ण बंद झालेली नव्हती.

ते गुपचूप बाहेर जाऊन शेपटी मोजून आले. त्रेपन्न. उलट्या बाजूने मोजली. त्रेपन्न. मान, पाठ, कंबर, सगळं बरोबर. म्हणजे थोरल्यांत कमी काही नव्हतं आणि हातात मात्र एक जास्तीचा होता. काकांनी बायकोला फोन लावला.

“अगं, एक उरलाय.”

“काय उरलंय? डबा खाल्ला नाहीत?”

“मणका उरलाय. थोरल्यांचा.”

“घड्याळ उघडलंत तेव्हा स्क्रू उरला होता. मिक्सर उघडलात तेव्हा ते रबरी वायसर उरलं. चालतंय ना सगळं?”

“इथे चालायचं नसतं. नुसतं उभं राहायचं असतं.”

“मग उभं आहे ना? झालं तर,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

एरवी काकांनी तो मणका सरळ बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला असता. पण आजची समिती साधी नव्हती. संग्रहालयाचं वर्कशॉप ठेवायचं की बंद करायचं, हे ती ठरवणार होती. बाहेरची एक कंपनी टपून बसली होती. ती कंपनी म्हणे एकेक हाड यंत्रात घालून आतून-बाहेरून तपासते, वजन करते, फोटो काढते आणि मगच चढवते. वर्कशॉप बंद झालं तर काकांना तिकिटाच्या खिडकीत बसवायचं, असंही साहेबांनी ठरवून ठेवलं होतं. काकांच्या नोकरीची तीन वर्षं उरली होती. बावीस वर्षं ज्या हातांनी थोरल्यांच्या बरगड्या तोलल्या, त्या हातांनी तीन वर्षं तिकिटं फाडायची, या विचाराने त्यांना आठवडाभर जेवण गोड लागलं नव्हतं. डॉक्टरबाई मात्र वर्कशॉपच्या बाजूने भांडल्या होत्या. ‘आमच्या जोडाऱ्यांच्या हातून आजवर एका हाडाचीही चूक झालेली नाही,’ असं त्यांनी लेखी दिलं होतं. आता त्याच बाईंपुढे हे एक हाड घेऊन कोणत्या तोंडाने जायचं?

तेवढ्यात दारावर टकटक झाली. काकांनी मणका डब्याच्या पिशवीत कोंबला आणि दार उघडलं. डॉक्टरबाईच होत्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता आणि केसांना जाळं चिकटलं होतं.

“दार का लावलंत, काका?”

“गोणपाट झटकत होतो. धूळ बाहेर जाऊ नये म्हणून.”

बाईंनी टेबलाखाली वाकून पाहिलं. मग कपाट उघडून पाहिलं. मग कपाटामागे पाहिलं.

“काही शोधताय का, बाई?”

“छे. असंच. सगळं नीट आहे ना, बघतेय.” त्या जरा घुटमळल्या. “काका, तुम्हाला काही... कमी नाही ना वाटत?”

“कमी? कमी काहीच नाही, बाई. तुम्हाला शपथेवर सांगतो.”

“शेपटी मोजलीत?”

“दोनदा. त्रेपन्न.”

“त्रेपन्न,” असं म्हणून बाईंनी सुस्कारा सोडला, आणि तरीही रंगाचा रिकामा डबा उचलून त्याच्या आत डोकावून पाहिलं.

त्या गेल्यावर काकांनी दार पुन्हा लावून घेतलं. बाईंना संशय आलाय, यात त्यांना शंका राहिली नाही. पुढचे दोन तास त्यांनी पाहिलं, तर बाई एकेक करत सगळ्या खोल्या पिंजून काढत होत्या. सामानघर, जिन्याखालची अडगळ, पाण्याच्या फिल्टरमागची जागा. म्हणजे मणका लपवावा अशी जागाच उरली नाही. बाहेर न्यावा तर फाटकावरचा शिपाई प्रत्येकाची पिशवी उघडून बघत होता. मागे एक पडदा चोरीला गेला होता, तेव्हापासूनचा साहेबांचा हुकूम.

साडेबाराच्या सुमारास काकांना कळून चुकलं की मणका लपवायला या इमारतीत एकच जागा आहे, ती म्हणजे मणक्यांमध्ये.

एकदा हे सुचल्यावर बाकीचं सोपं होतं, कारण ते त्यांच्या हातातलं काम होतं. एक ते तीन दालन जेवणासाठी बंद असे. शेपटीच्या खालून एक लांब लोखंडी पट्टी गेली होती. प्रत्येक मणक्याला तिच्यावर एक वाटी आणि वाटीला दोन स्क्रू. काकांनी वर्कशॉपात अर्ध्या तासात एक नवी वाटी वाकवली, पट्टीच्या टोकाला लावायला एक तुकडा कापला आणि मणका घेऊन शेपटीच्या बाजूने मापं घेत निघाले. शेपटीचे मणके कमरेपासून टोकाकडे बारीक बारीक होत जातात, त्यामुळे कुठला कुठे बसेल हे माप सांगतं. मापाने एकतिसावा नंबर दाखवला. उंची तीच, रुंदी तीच, वळण तेच, डाव्या अंगाची खाचसुद्धा तीच; एकाच घावात दोघे सापडले असतील. हा एकतिसाव्याचा सख्खा शेजारी असणार, असा काकांनी निकाल दिला.

एकोणतीस ते तेहतीस हे पाच मणके डॉक्टरबाईंनी स्वतः चढवले होते. त्या दिवशी काका दाढ काढून घ्यायला गेले होते. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या गालाने येऊन त्यांनी तिथले स्क्रू पिळून पाहिले तर चांगले घट्ट होते. बाईंना स्क्रू पिळता येतो याचं त्यांना तेव्हा थोडं वाईटच वाटलं होतं. आता त्यांच्या मनात आलं की गडबड असलीच तर ती इथेच असणार, माझ्या गैरहजेरीत, आणि त्यांना बरंच हलकं वाटलं.

एकतिसाव्यानंतरचे बावीस मणके त्यांनी एकेक करत सहा सहा बोटं मागे सरकवले. चव्वेचाळीस स्क्रू ढिले केले, चव्वेचाळीस पिळले, आणि मधल्या जागेत उरलेला मणका बसवला. तो असा बसला की बघणाऱ्याने म्हणावं, इथलाच आहे. पावणेतीनला काका घाम पुसत लांब जाऊन उभे राहिले. शेपटी पूर्वीपेक्षा डौलदार दिसत होती. डॉक्टरबाई जेवायलाही न जाता माळ्यावर गेल्या होत्या, आणि वरून खोकी सरकवल्याचे आवाज येत होते.

तेव्हा साहेबांच्या केबिनचं दार ‘ठक्’ असं वाजलं.

हे दालन बांधलं होतं चित्रं लावायला. थोरले त्यात आले ते अंग चोरून. त्यांचं तोंड तिकिटाच्या खिडकीवर होतं, आणि शेपटीचा शेवट भिंतीला लागून येत साहेबांच्या दाराच्या अलीकडे चार बोटांवर संपत असे. साहेबांचं दार बाहेर उघडणारं. आता शेपटी सहा बोटं वाढली होती, म्हणजे तिचं टोक दाराच्या कडेवर दोन बोटं आलं होतं. साहेब जेवून आत वामकुक्षीला बसले आहेत, हे काका कामाच्या भरात साफ विसरले होते.

दार दोन बोटं उघडलं. फटीतून साहेबांचा एक डोळा दिसला.

“कोण आहे? दार अडलंय का?”

“मी आहे, साहेब,” काका म्हणाले. “दारासमोर फरशीला पॉलिश मारलंय. ओलं आहे. पावलं उठतील.”

“आज पॉलिश? कोणी सांगितलं?”

“समिती येणार म्हणून.”

साहेब खूश झाले. “बरं केलंत. किती वेळ लागेल वाळायला?”

“अर्धा तास धरा.”

“मग मी भाषण बघून घेतो,” असं म्हणून साहेबांनी दार ओढून घेतलं.

अर्ध्या तासात शेपटी दारासमोरून हलवायची होती. पुढे ओढता येईना, कारण थोरल्यांच्या पायाखालचे खांब सिमेंटमध्ये होते. भिंतीपासून बाहेर वळवता आली असती, कारण तिला खालून आधार देणारी शेवटची तिकाटणी सुटी होती. पण ती जिथे सरकवायची तिथे दालनाच्या पहारेकऱ्याची खुर्ची होती, आणि खुर्चीत नुकताच जेवून आलेला पहारेकरी होता.

“जरा खुर्ची घ्या तिकडे,” काका म्हणाले.

“तिकडे कुठे? पंखा इथे आहे.”

“पाच मिनिटांचं काम आहे हो.”

“अकरा वर्षं ही खुर्ची इथे आहे, काका. मागच्या साहेबांनी सांगितलं तेव्हा हलवली नाही, ह्यांनी सांगितलं तेव्हा हलवली नाही. तुम्ही सांगितलं म्हणून हलवली तर त्यांना काय वाटेल?” पहारेकरी सावकाश म्हणाला. “आणि शेपटी का फिरवताय? बरी होती की भिंतीला.”

काकांना आता कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. खालच्या आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. मणका उरला, तो घातला, शेपटी वाढली, साहेब अडकले. पहारेकऱ्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि शेपटीच्या टोकाकडे बघितलं.

“मग त्या टोकाचा काढा ना एक,” तो म्हणाला. “करंगळीएवढा तर आहे. खिशात राहील. दारही उघडेल आणि त्रेपन्नही होतील.”

काका त्याच्याकडे बघतच राहिले. पाच तास त्यांनी डोकं पिकवलं होतं, आणि हा माणूस पंख्याखाली बसून दोन वाक्यांत मोकळा झाला होता. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोकाशी गुडघे टेकले, आणि पहिला स्क्रू अर्धा फिरवला असेल नसेल तोच मुख्य दारातून समिती आत आली.

समिती म्हणजे एक म्हातारे प्राध्यापक. कागदावर ती तिघांची होती, पण बाकीच्या दोघांनी ‘तुम्ही बघाल ते आम्ही बघितलं’ असं त्यांना केव्हाच कळवून टाकलेलं होतं. अंगाने किडकिडीत, हातात काठी, कोटाच्या खिशातून लोंबणारी चष्म्याची दोरी. त्यांचं तरुणपण याच सांगाड्याभोवती गेलं होतं. त्यांचा प्रबंध थोरल्यांवर होता, आणि त्या प्रबंधामुळेच ते पुढे प्राध्यापक झाले होते. माळ्यावरून धावत खाली आलेल्या डॉक्टरबाईंनी त्यांना नमस्कार केला.

“मी जरा लवकर आलो,” प्राध्यापक म्हणाले. “तुमचे साहेब?”

“मीटिंगमध्ये आहेत,” पहारेकरी बसल्या जागेवरून म्हणाला.

“असू देत. तोवर मी मोजून घेतो.”

काकांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर गळून पडला. प्राध्यापकांनी काठी वर केली आणि मानेपासून सुरुवात केली. बारा. बारा. पाच. ते समाधानाने मान डोलवत पुढे सरकत होते, आणि त्यांच्या एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला डॉक्टरबाई, दोघंही त्यांच्याबरोबर मनात मोजत होते. शेपटीशी त्यांची चाल मंदावली. पन्नास. एक्कावन्न. बावन्न. त्रेपन्न. काठी एका मणक्यावर अधांतरी थांबली.

“चोपन्न,” प्राध्यापक म्हणाले.

त्यांनी टोकाकडून उलटं मोजलं. चोपन्नच आले.

“पण हे कसं शक्य आहे?” बाई पुटपुटल्या. “फार तर त्रेपन्न असायला हवेत. म्हणजे, त्रेपन्नच असायला हवेत.”

काकांना तिकिटाची खिडकी डोळ्यांपुढे दिसायला लागली. तिथे बसायचंच आहे तर निदान खरं बोलून बसावं, असं त्यांनी ठरवलं. “त्यातला एक माझा आहे, सर,” ते म्हणाले. “म्हणजे, माझ्या टेबलावर उरला होता. कुठला ते कळेना, म्हणून मी घातला. बाईंचा यात काही दोष नाही.”

बाई झटकन वळल्या. “तुमच्या टेबलावर? खाच होती का त्याला? डाव्या अंगाला?”

“होती.”

बाई तिथेच थोरल्यांच्या कठड्याला टेकल्या. मग रडू आवरत त्यांनी सगळं सांगून टाकलं. एकतिसाव्या मणक्याची ती खाच प्रसिद्ध होती. तिचं नीट चित्र काढावं म्हणून त्यांनी तो मणका, नियम मोडून, एका रविवारी घरी नेला होता. सोमवारी परत आणला, आणि कुठे ठेवला ते काही केल्या आठवेना. काका दाढ काढायला गेले होते. बाईंनी घाबरून सामानघरातल्या जुन्या साच्यात प्लास्टरचा मणका ओतला, रंगवला, नंबर घातला आणि काका यायच्या आत चढवून टाकला. तेव्हापासून त्या खरा शोधत होत्या.

“वर्कशॉपात तुमच्या टेबलावर पिशवी ठेवली होती मी,” त्या म्हणाल्या. “फोन वाजला. फोन पिशवीच्या तळाशी होता, म्हणून मणका बाहेर काढून ठेवला. तो तिथेच राहिला असणार. काका, मी सकाळी विचारलं तेव्हा का नाही बोललात?”

“तुम्ही ‘कमी आहे का’ असं विचारलंत, बाई. माझ्याकडे जास्त होता.”

प्राध्यापक एव्हाना शेपटीशी वाकले होते. शेजारी शेजारी दोन मणके, दोघांच्याही डाव्या अंगाला तीच तिरकी खाच. ती बघताना त्यांच्या चेहऱ्यावर माया होती. याच खाचेवर त्यांनी प्रबंधात अकरा पानं लिहिली होती. एका मांसभक्षी डायनासोरने मागून येऊन शेपटीचा चावा घेतला, त्याच्या दाताची ही खूण, असा त्यांचा सिद्धान्त होता, आणि तो अजून कोणी खोडला नव्हता.

“साचा उत्तम आहे,” ते म्हणाले. “खरा कोणता?”

“हा, सर,” काकांनी मागचा दाखवला. “जड आहे. हात सांगतो.”

प्राध्यापकांनी खिशातून चाकू काढला आणि पुढच्या मणक्याच्या खालच्या कडेवर अलगद नख लागेल इतकं खरवडलं. पांढरी भुकटी पडली. प्लास्टर. त्यांनी मान हलवली, आणि केवळ रीत म्हणून मागच्या मणक्यालाही तितकंच खरवडलं.

पांढरी भुकटी पडली.

प्राध्यापकांनी थोडं खोल खरवडलं. भुकटीबरोबर गोणपाटाचा एक धागा बाहेर आला, बोटभर लांब, आणि त्याला लोखंडाचा कीस चिकटलेला. काकांनी तो धागा चिमटीत धरून उजेडाकडे नेला.

“वस्ताद,” ते म्हणाले.

वस्ताद म्हणजे त्यांच्या आधीचे जोडारी, ज्यांनी त्यांना काम शिकवलं. ते जाऊन नऊ वर्षं झाली होती. प्लास्टर ठिसूळ होऊ नये म्हणून त्यात गोणपाटाचे धागे घालायचे, आणि ते बोटभरच कापायचे, ही त्यांची पद्धत. वजन साधायला लोखंडाचा कीस. साफसफाईच्या वेळी एकतिसाव्या मणक्याला वस्ताद दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. स्वतः उतरवत, स्वतः पुसत, स्वतः चढवत. त्या हाडावर वस्तादांचा जीव आहे, असं काकांना वाटायचं. म्हणून वस्तादांच्या पश्चात त्यांनीही तो तसाच जपला होता. अंधारात नुसता हात लावून हाड ओळखीन, असं सांगत फिरणाऱ्या त्यांच्या हातांनी वर्षानुवर्षं प्लास्टर कुरवाळलं होतं. काकांना फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी, इतकी वर्षं कोणाला पत्ता लागू दिला नाही, काय माणूस होता, असंही वाटलं.

डॉक्टरबाईंचा चेहरा लाल झाला होता. या मणक्याच्या पोताबद्दल त्यांनी तीन पानं लिहून ठेवली होती.

प्राध्यापक मात्र धाग्याकडे बघत होते. “तुमचे हे वस्ताद,” त्यांनी हळू विचारलं, “इथे कधी लागले?”

“पन्नास वर्षं सहज झाली असतील, सर. लागले त्याच वर्षी पहिली साफसफाई झाली, असं सांगायचे.”

“माझ्या प्रबंधाला अठ्ठेचाळीस झाली.”

साचा त्या मणक्यावरून काढलेला होता, की मणका त्या साच्यातून, हे विचारायला कोणी पुढे झालं नाही. खाच दाताची होती की वस्तादांच्या थापीची, हेही नाही. पहारेकरी उठला आणि त्याने आपली खुर्ची प्राध्यापकांच्या मागे आणून ठेवली. ते तिच्यात बसले.

दार दोन बोटं उघडलं. “आले का पाहुणे?” साहेबांचा आवाज आला.

“पॉलिश अजून ओलं आहे, साहेब,” पहारेकरी म्हणाला. दार मिटलं.

प्राध्यापकांची नजर आता तिसाव्या मणक्यावर गेली. तिथून एकोणतिसाव्यावर. मग सावकाश पाठीवरून चढत मानेपर्यंत. त्यांच्या मागोमाग काकांची आणि बाईंचीही नजर गेली. चाकू अजून उघडा होता. थोडा वेळ त्यांनी तो बोटांत फिरवला, मिटवला आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवून दिला.

“ती बाहेरची कंपनी,” त्यांनी बाईंना विचारलं, “हाडांचं नेमकं काय करते म्हणालात?”

“एकेक हाड यंत्रात घालून आतून बघते, सर.”

“आतून,” प्राध्यापक म्हणाले. “प्रत्येक?”

“प्रत्येक.”

प्राध्यापक उठले. “जोडारी, यातला एक काढा. आपल्याला त्रेपन्न हवेत. कोणता ठेवायचा, तुम्ही सांगा.”

“वस्तादांचा राहू द्या, सर,” काका म्हणाले. “बाईंचाही चांगला आहे. पण वस्तादांचा मुरलाय.”

मग बावीस मणके पुन्हा सहा सहा बोटं पुढे आले. काका स्क्रू काढत होते, बाई वाट्या सरकवत होत्या, आणि प्राध्यापक ओंजळीत स्क्रू धरून मागे मागे चालत होते. शेपटीचं टोक दारावरून हललं, दार सताड उघडलं आणि साहेब भाषणाचे कागद घेऊन बाहेर आले. त्यांनी आधी फरशीकडे पाहिलं, आणि पॉलिश फार छान झाल्याचं बोलून दाखवलं.

समितीचा अहवाल आठवड्याने आला. साहेबांनी काकांना, बाईंना आणि पहारेकऱ्याला केबिनमध्ये बोलावून तो मोठ्याने वाचला. जोडणी अत्यंत कसबी आहे. मणक्यांची संख्या बरोबर आहे. संग्रहालयाचं वर्कशॉप कायम ठेवावं, विद्यमान जोडाऱ्यांना निवृत्तीनंतरही सल्लागार म्हणून ठेवून घ्यावं, आणि बाहेरच्या कोणत्याही संस्थेस या सांगाड्याला हात लावू देऊ नये.

काकांनी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

“आणि हे शेवटचं काय लिहिलंय?” साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. “‘यापुढे साफसफाई केवळ कोरड्या फडक्याने करावी. ओला स्पंज वापरू नये.’ का हो? इतकी वर्षं तर ओल्या स्पंजानेच पुसत आलो ना आपण?”

पहारेकरी छताकडे बघायला लागला.

“थोरल्यांचं वय झालंय, साहेब,” काका म्हणाले. “आता पाणी सोसायचं नाही.”